एकच डेटा, तरी दर रनला जनुकीय साम्याचं चित्र वेगळं येतं : कुठे बघायचं

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. जीवांचे सिक्वेन्स (डीएनए किंवा प्रथिनातल्या अक्षरांची ओळ) घेतले, प्रत्येक जोडीमधलं अंतर काढलं, त्याची मॅट्रिक्स, म्हणजे तक्ता, बनवली आणि ती ऑप्टिमायझेशनला (चूक कमीत कमी करत जाणाऱ्या प्रोग्रामला) दिली की या अंतरांशी शक्य तितके जुळतील असे ठिपके सपाट कागदावर मांडून दे, याला मल्टिडायमेन्शनल स्केलिंग किंवा एमडीएस म्हणतात. चित्र छान आलं, माकडं एकीकडे, खूरवाले एकीकडे, मांसाहारी एकीकडे. मग एखादा रंग बदलायचा म्हणून परत रन केलं तर सगळं इकडचं तिकडे, गाय डावीकडे होती ती उजवीकडे, उंदीर खाली गेला, आणि एक प्राणी तर स्वतःचे नातलग सोडून भलत्याच घोळक्यात जाऊन बसलेला. आता यातलं खरं चित्र कुठलं, आणि पहिलं चित्र ज्याला दाखवलं त्याला काय सांगायचं?

मी यात बरेच दिवस अडकले होते म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितेय. सगळ्यात आधी एक गोष्ट, सीड (ज्या आकड्यावरून ठिपक्यांच्या सुरुवातीच्या रँडम जागा ठरतात तो) फिक्स करून हा प्रश्न सुटत नाही. रँडम सीडला एक आकडा ठरवून दिला की दर वेळी तेच चित्र येतं हे खरं, पण ते बरोबर आहे की नाही हे त्यातून अजिबात कळत नाही, दुसरा आकडा दिला असता तर चित्र वेगळं आलं असतं एवढी गोष्ट फक्त झाकली जाते. सीड शेवटी फिक्स करा, सगळं समजून झाल्यावर, दुसऱ्या कुणाला तुमचं चित्र पुन्हा काढता यावं म्हणून.

आधी फिरवून बघा

अंतरांवरून ठिपके मांडले की त्या चित्राला वर-खाली, डावं-उजवं असं काही नसतंच. पूर्ण चित्र फिरवा, आरशात बघा, कागदावर दुसरीकडे सरकवा, ठिपक्यांमधली अंतरं तीच राहतात, म्हणजे ऑप्टिमायझेशनच्या दृष्टीनं ही सगळी एकच उत्तरं आहेत आणि दर रनला त्यातलं कुठलंही हातात येऊ शकतं. त्यामुळे दोन चित्रं डोळ्यांनी शेजारी ठेवून तुलना करू नका, आपल्या डोळ्याला आरशातलं चित्र पटकन ओळखता येत नाही. प्रोक्रस्टीस अलाइनमेंट नावाची छोटी पायरी आहे, दोन्ही चित्रांचा मध्य एकावर एक आणायचा आणि एक चित्र असं फिरवायचं (उलटं करायचीही परवानगी द्यायची) की त्याच त्याच जीवाचे ठिपके एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळ येतील. आर आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये याचं तयार फंक्शन मिळतं. एक लक्षात ठेवा, बरीच तयार फंक्शनं चित्र लहान-मोठंही करतात, आपल्याला ते नको असतं कारण अंतराचं माप तेच ठेवायचंय.

२००८ साली युरोपातल्या १,३८७ लोकांच्या जनुकीय डेटाचं जे प्रसिद्ध चित्र आलं, ज्यात ठिपक्यांचा घोळका युरोपच्या नकाशासारखा दिसतो, त्यातसुद्धा अक्ष नकाशाशी जुळावेत म्हणून फिरवून घेतलेत. त्यात लपवाछपवी काही नाही, अक्षांना स्वतःची दिशा नसतेच. तेव्हा तुमच्या प्लॉटवर आडवा अक्ष, उभा अक्ष असं लिहून त्यावर आकडे टाकायची गरज नाही. टाकायचंच असेल तर कोपऱ्यात एक छोटी पट्टी काढा, नकाशावर असते तशी, की एवढी लांबी म्हणजे एवढं जनुकीय अंतर.

बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो. दोन रन एकावर एक बसले की काही बिघडलेलंच नव्हतं.

फिरवूनही जुळत नाही तेव्हा

आता प्रत्येक रनचा शेवटचा स्ट्रेस बघा. स्ट्रेस म्हणजे कागदावरचं अंतर आणि खरं जनुकीय अंतर यातला फरक, त्याचा वर्ग, सगळ्या जोड्यांची बेरीज, आणि ती बेरीज एकूण अंतरांच्या वर्गांनी भागून वर्गमूळ. कमीत कमी १०० रँडम सुरुवातींमधून रन करा, २५-३० जीव असतील तर याला फार वेळ लागत नाही, आणि ते १०० स्ट्रेस चढत्या क्रमाने लावा. हा एक आकड्यांचा स्तंभ बघून निम्मं निदान होतं, मी तर आता चित्र उघडण्याआधी हाच बघते.

स्ट्रेस वेगवेगळे असतील, काही ०.११, काही ०.१४, काही ०.१९, तर ऑप्टिमायझर खड्ड्यांत अडकतोय, म्हणजे लोकल मिनिमम (आजूबाजूला सगळा चढ, पण सगळ्यात खोल जागा ती नव्हे), आणि त्याचे उपाय पुढे देते. पण स्ट्रेस चौथ्या दशांशापर्यंत सारखे आणि चित्रं मात्र प्रोक्रस्टीसनंतरही वेगळी, असं असेल तर ऑप्टिमायझरची काहीच चूक नाही. तुमच्या डेटालाच एकाहून जास्त तितकीच चांगली उत्तरं आहेत. ही दुसरी परिस्थिती लोकांना सगळ्यात उशिरा कळते म्हणून तिच्यावर जरा थांबते.

चार जीव घ्या, आणि चौघांमध्ये प्रत्येकाचं प्रत्येकापासून अंतर बरोबर १. हे काही कल्पनेतलं नाही, खूप पूर्वी एकाच सुमारास वेगळ्या झालेल्या चार शाखा घेतल्या की साधारण असंच दिसतं. तीन ठिपके एकमेकांपासून सारख्या अंतरावर ठेवता येतात, समभुज त्रिकोण होतो. चौथा कुठे ठेवणार? कागदावर जागाच नाही, तो कागदाच्या बाहेर वर हवेत जायला पाहिजे. मग ऑप्टिमायझर तडजोड करतो आणि चौघांना चौरसाच्या चार कोपऱ्यांवर बसवतो, बाजू ०.८५ आणि कर्ण १.२१ (हे हाताने काढता येतं, बाजू एस धरा, चार बाजू आणि दोन कर्ण यांच्या चुकांच्या वर्गांची बेरीज लिहा आणि डेरिव्हेटिव्ह शून्य करा). म्हणजे खरं अंतर सगळीकडे १ असताना चित्रात चार जोड्या जवळच्या दिसतात आणि दोन लांबच्या, आणि स्ट्रेस येतो साधारण ०.१७. यापेक्षा खाली तो जाऊच शकत नाही, कितीही इटरेशन्स (फेऱ्या) द्या.

आता खरी गंमत, कर्णावर कोण बसणार? चार जणांच्या समोरासमोर जोड्या लावायचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा स्ट्रेस अगदी तंतोतंत सारखा. एका रनमध्ये पहिला आणि दुसरा शेजारी, दुसऱ्या रनमध्ये तेच दोघं समोरासमोर. चित्र बघणारा म्हणणार की पहिला आणि दुसरा जवळचे, आणि ते विधान पूर्णपणे रँडम सुरुवातीतून आलेलं आहे, जनुकांतून नाही.

खऱ्या डेटात अंतरं इतकी सारखी नसतात, पण उत्क्रांतीची अंतरं झाडाच्या (वंशवृक्षाच्या) फांद्यांवरून मोजल्यासारखी असतात आणि झाड कागदावर सरळ अंतरांनी बसवणं मुळातच अवघड आहे. अनेक शाखा एकाच गाठीतून फुटल्या असतील तर ते ठिपके गोलात, किंवा एकात एक अशा गोलांत मांडले जातात. हा गोल आकार बघून कुणीतरी त्याचा जैविक अर्थ लावायला जातं. तो आकार सारख्या अंतरांमुळे आलेला असतो, दुसरं काही नाही.

यावर काय करायचं? एक तर तिसरी मिती द्या आणि स्ट्रेस किती पडतो बघा. दोनवरून तीनवर गेल्यावर तो धाडकन खाली आला तर सपाट चित्र तुमच्या डेटाला पुरत नाहीये. दुसरं, अंतरांचं वर्गमूळ घेऊन मांडा. झाडावरच्या अंतरांचं वर्गमूळ घेतलं की ती अंतरं पुरेशा मितींच्या सरळ अवकाशात बिनचूक बसतात हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे क्लासिकल स्केलिंगमध्ये (अंतरांवरून थेट गणिताने ठिपके मांडायची पद्धत) ज्या उणे आयगनव्हॅल्यू (कुठल्या दिशेला किती पसारा आहे ते सांगणारे आकडे) येऊन लोकांना घाबरवतात त्या नाहीशा होतात किंवा अगदी छोट्या होतात. मितींचा प्रश्न याने संपत नाही हं, दोन मितींत दाबायचं असेल तर तडजोड होणारच, पण वर्गमूळ घेतलंय हे चित्राखाली लिहा म्हणजे वाचणारा अंतर दुप्पट दिसलं म्हणून फरक दुप्पट आहे असं समजणार नाही.

१९६४ साली क्रुस्कलने स्ट्रेसचे जे ठोकताळे दिले (०.२ वाईट, ०.१ बरा, ०.०५ चांगला, ०.०२५ उत्तम) ते अजूनही सगळीकडे चिकटवलेले दिसतात. मला ते जसेच्या तसे वापरणं पटत नाही. ५ जीवांचा ०.१ आणि ६० जीवांचा ०.१ यांची तुलना कशी करणार, जीव वाढले की दोन मितींत बसवणं अवघड होत जातं. आणि त्याआधी हेही बघा की तुमचं सॉफ्टवेअर देतंय तो स्ट्रेस भागाकार केलेला आहे की नुसती बेरीज. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत साध्या मेट्रिक पद्धतीत बरीच वर्षं नुसती बेरीजच मिळायची, अंतरं टक्क्यांत लिहिली की तो आकडा एकदम १०,००० पटीने मोठा होतो आणि माणूस उगाच हादरतो.

ऑप्टिमायझर खरंच अडकतोय तेव्हा

स्ट्रेस वेगवेगळे येताहेत म्हणजे हा विभाग तुमच्यासाठी. ठिपके कागदावर अडकतात याचं कारण डोळ्यांसमोर आणायला सोपं आहे. समजा देवमासा सुरुवातीला मांसाहारी प्राण्यांच्या पलीकडे पडला आणि त्याचा नातलग पाणघोडा अलीकडे. देवमाशाला अलीकडे यायचंय, पण मध्ये मांसाहाऱ्यांचा घोळका आहे आणि त्यातून जाताना त्या सगळ्यांशी अंतर फारच कमी होतं, म्हणजे स्ट्रेस आधी वाढतो. उताराने खालीच जाणारी पद्धत वर चढायला तयार नसते, मग तो बिचारा पलीकडेच राहतो आणि तुमच्या चित्रात देवमासा मांजर-कुत्र्यांचा भाऊ दिसतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रँडम सुरुवात सोडून क्लासिकल स्केलिंगच्या उत्तरापासून सुरू करणं. ते आयगनव्हॅल्यूंचं गणित आहे, त्यात रँडम काही नाही, दर वेळी (फिरवणं सोडलं तर) एकच उत्तर, आणि ढोबळ मांडणी बहुतेक वेळा बरोबर असते. त्यावरून स्ट्रेस कमी करत जायचं. पण फक्त यावर विसंबू नका, त्याच्यासोबत ते १०० रँडम रनही करा, कधी कधी एखादा रँडम रन याच्यापेक्षा खाली जातो.

दुसरा उपाय मला मनापासून आवडतो. आधी तीन किंवा पाच मितींत मांडा, तिथे देवमाशाला घोळक्याच्या वरून जाता येतं, आडवं कुणी येत नाही, मग जास्तीच्या मितींवर हळूहळू दंड वाढवत जायचा, म्हणजे त्या दिशेने जेवढं लांब तेवढा जास्त खर्च, आणि शेवटी सगळे ठिपके सपाट कागदावर येतात. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये पाच-सहा ओळींचं काम आहे. सिम्युलेटेड अनीलिंगही चालतं, अधूनमधून मुद्दाम वर चढायचं आणि तापमान कमी करत जायचं, पण पावलांचं वेळापत्रक जुळवण्यात जितका वेळ जातो तितक्यात वरचे दोन्ही उपाय करून होतात.

स्वतः ग्रेडियंट डिसेंट (उताराच्या दिशेने पावलं टाकत खाली जायची पद्धत) लिहिलं असेल तर दोन ठिकाणं नेहमी फुटतात. एक म्हणजे दोन ठिपके नेमके एकाच जागी आले तर भागाकारात शून्य येतं आणि पुढच्या इटरेशनला सगळं चित्र नॉट-अ-नंबर होऊन नाहीसं होतं, तिथे अंतरात एक बारीकसा आकडा मिळवा. दुसरं पावलाचा आकार. लर्निंग रेट अंदाजाने ०.१, ०.०१ असा ठेवून लोक रात्र रात्र काढतात, त्याची गरज नाही. वजनं नसलेल्या स्ट्रेससाठी (नुसती वर्गांची बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ न करता, प्रत्येक जोडी एकदाच मोजून) पाऊल जर १ भागिले २एन घेतलं, एन म्हणजे जीवांची संख्या, तर स्ट्रेस कधीच वाढत नाही, याची सिद्धता आहे. डी लेऊने १९७७ मध्ये मांडलेली पद्धत, जिला आता सगळे स्मॅकॉफ म्हणतात, तिचं एक पाऊल म्हणजे नेमकं हेच. साध्या भाषेत, प्रत्येक ठिपक्याला बाकीचे सगळे सांगतात की आमच्या हिशेबाने तू इथे पाहिजेस, आणि तो त्या सगळ्या जागांच्या सरासरीवर जातो. स्मॅकॉफ शेवटी शेवटी फार हळू सरकतो, म्हणून थांबायची अट सैल असेल तर तो पोचायच्या आधीच थांबतो आणि दर रनला जरासं वेगळं उत्तर देतो. इटरेशन्स ३०० वरून ५,००० करा आणि थांबायची अट १,००० पटीने घट्ट करा, नुसत्या एवढ्यानेही अनेकांचा प्रश्न मिटलेला मी पाहिलाय.

जवळचे नातलगच विस्कटतात

हा त्रास वेगळा आहे, पण तक्रार तीच म्हणून येतो. मोठे घोळके जागेवर असतात, दर रनला आतले आतले जागा बदलतात. कारण वर्गाच्या बेरजेत आहे. ज्या दोन जीवांचं अंतर २ आहे तिथे १० टक्के चूक झाली तर खर्च ०.०४. ज्यांचं अंतर ०.०२ आहे तिथे कागदावर ते दुप्पट, ०.०४ दिसलं, म्हणजे १०० टक्के चूक, तरी खर्च फक्त ०.०००४. शंभर पट कमी. मग ऑप्टिमायझर लांबच्या जोड्यांचीच मनधरणी करत बसणार, जवळच्यांकडे त्याचं लक्षच जाणार नाही, आणि तुम्हाला तर बहुतेक वेळा जवळच्यांचीच मांडणी बघायची असते.

उपाय म्हणजे वजन. प्रत्येक जोडीच्या चुकेचा वर्ग खऱ्या अंतराने भागा, ही १९६९ ची सॅमनची पद्धत, किंवा अंतराच्या वर्गाने भागा म्हणजे टक्केवारीतली चूकच मोजली जाते. ही दुसरी कल्पना झाड काढणाऱ्यांनाही ओळखीची आहे, फिच आणि मार्गोलियाश यांनी १९६७ मध्ये २० जातींच्या सायटोक्रोम सी प्रथिनावरून झाड काढलं तेव्हा अंतराच्या वर्गाने भागलेलीच चूक कमी केली होती. पुढे आलेख (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं जाळं) मांडणाऱ्या कामादा आणि कावाई यांनी १९८९ मध्ये स्प्रिंगच्या मॉडेलमध्ये तेच वजन घेतलं. दोन वेगळ्या गावांच्या वाटा एकाच विहिरीपाशी आल्या. (वजन घातलं की वर सांगितलेलं १ भागिले २एन पाऊल लागू राहत नाही, तिथे स्मॅकॉफचं वजनवालं रूप घ्या.)

पण वजन घालायच्या आधी शून्य अंतरं काढून टाका. माणूस आणि चिंपांझी यांचं सायटोक्रोम सी, १०४ अमिनो आम्लांचं, तंतोतंत एकच आहे, ऱ्हीसस माकडाशी फक्त एका जागी फरक. अशा जोडीचं वजन एक भागिले शून्य होतं आणि कोड कोसळतो. आरमधलं आयसोएमडीएस हे फंक्शन तर वजन नसतानाही शून्य अंतर बघून एरर देऊन थांबतं. सारख्या सिक्वेन्सचा एकच ठिपका ठेवा आणि त्याला दोन नावं लिहा. आणि अशी जोडी फार दिसत असेल तर ते प्रथिन तुमच्या प्रश्नासाठी फारच सावकाश बदलणारं आहे, दुसरं जनुक घ्या.

आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं, मॅट्रिक्सच चुकलेली

माझी गोष्ट सांगते. २८ सस्तन प्राण्यांचे मायटोकॉन्ड्रियाचे पूर्ण जीनोम, ३७८ जोड्या, ५६ कोऑर्डिनेट्स. दर रनला माणूस चिंपांझी-गोरिलांपासून लांब फेकला जायचा, कधी या बाजूला कधी त्या बाजूला. मी सुरुवाती बदलल्या, वजनं बदलली, मिती वाढवल्या, सगळं केलं, स्ट्रेस सुधारला पण माणूस बाहेरच. शेवटी मॅट्रिक्समधली एक ओळ छापून बघितली तेव्हा माणूस-चिंपांझी अंतर १५ टक्क्यांच्या आसपास, जे साधारण ९ पाहिजे.

कारण असं निघालं की मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गोल असतो आणि फाइलमध्ये तो कुठून तरी कापून सरळ लिहावा लागतो. बऱ्याच प्राण्यांच्या फाइल्स फेनिलअलानिनच्या टीआरएनएच्या (प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूच्या) जनुकापासून सुरू होतात. माणसाच्या संदर्भ सिक्वेन्समध्ये, जो १६,५६९ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आहे, पहिला बेस कंट्रोल रीजन नावाच्या भागाच्या मध्ये आहे आणि तो टीआरएनए ५७७ व्या बेसला सुरू होतो. म्हणजे सुरुवातीचे ५७६ बेस माणसाच्या फाइलमध्ये पुढे आणि बाकीच्यांच्या फाइलमध्ये शेवटी. अलाइनमेंटने (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून लावणाऱ्या पायरीने) दोन्ही टोकांना ५७६ चे गॅप, म्हणजे रिकाम्या जागा, टाकले, माझ्या कोडने गॅपला फरक धरलं, आणि ९ चे १५ झाले. फाइल फिरवून सुरुवात जुळवली, पाच मिनिटांत माणूस आपल्या घरी. ऑप्टिमायझर इतके दिवस मला तेच सांगत होता, की तुम्ही दिलेली अंतरं इथे कुणाशी जुळत नाहीत, मीच ऐकत नव्हते.

म्हणून आता मॅट्रिक्स ऑप्टिमायझरला द्यायच्या आधी मी तिला खूप छळते. कर्ण (प्रत्येकाचं स्वतःपासूनचं अंतर) शून्य आहे का, कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का. ब्लास्ट या सिक्वेन्समधलं साम्य शोधणाऱ्या प्रोग्रामच्या स्कोअरवरून बनवली असेल तर अ-ब आणि ब-अ वेगळे येऊ शकतात, सरासरी घ्या, आणि स्कोअर म्हणजे साम्य, अंतर नाही, उलटं करायला विसरलात तर सगळ्यात जवळचे जीव चित्राच्या दोन टोकांना जातात. सिक्वेन्स उलट्या धाग्यावरून तर लिहिलेला नाही ना, १६एस (जीवाणू ओळखायला वापरतात त्या) जनुकाच्या बाबतीत हे फार होतं, एकच जीव सगळ्यांपासून सारखाच प्रचंड लांब दिसला तर पहिला संशय हाच घ्या. काही फाइल्समध्ये पुनरावृत्तीचे भाग छोट्या लिपीतल्या अक्षरांत लिहिलेले असतात, कोडला मोठं आणि छोटं अक्षर वेगळं वाटलं तर तेवढा भाग सगळा फरक म्हणून मोजला जातो. आणि नावांचा क्रम, फाइल्स १, १०, ११, २ अशा क्रमाने वाचल्या गेल्या आणि नावांची यादी १, २, ३ अशी, मग चित्र बरोबर पण पाट्या चुकीच्या.

अर्धवट सिक्वेन्स असतील तर विशेष काळजी. दोन जीवांचे तुकडे एकमेकांवर येतच नसतील तर अंतर काढायला काही नसतं, आणि काही कोड तिथे गुपचूप शून्य लिहितात, म्हणजे जुळे भाऊ. प्रत्येक जोडीसाठी वेगवेगळे स्तंभ वगळल्यामुळे त्रिकोणाचा नियमही मोडतो, अ पासून ब जवळ, ब पासून क जवळ, पण अ पासून क त्या दोन्हींच्या बेरजेपेक्षाही लांब. सगळे त्रिकूट तपासणारा लूप चालवा, कुठला जीव त्यात वारंवार येतो ते बघा, बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो.

खूप लांबचे जीव एकत्र घेतले की आणखी एक गोष्ट होते. ज्यूक्स-कँटर दुरुस्तीत (एकाच जागी पुन्हा पुन्हा झालेले बदल धरून अंतर वाढवणारं सूत्र) १० टक्के फरकाचं अंतर ०.१०७ होतं, ५० टक्क्यांचं ०.८२, ७० टक्क्यांचं २.०३, ७४ चं ३.२ च्या वर, आणि ७५ ला अनंत. म्हणजे तिथे एक-दोन टक्के इकडेतिकडे झाले तरी अंतर उड्या मारतं आणि अख्खं चित्र त्या एका जोडीच्या तालावर नाचतं. मॅश या जीनोमची झटपट तुलना करणाऱ्या प्रोग्रामने अंतरं काढली असतील तर याचा भाऊ भेटतो, दोन जीनोमच्या स्केचमध्ये (जीनोमच्या तुकड्यांचा छोटा नमुना) एकही हॅश (तुकड्यावरून काढलेला आकडा) सामाईक नसला की तो सरळ १ लिहितो, जेव्हा बाकीची अंतरं ०.०५, ०.२ अशी असतात. तो १ म्हणजे मोजमाप नाही, मोजता आलं नाही एवढाच त्याचा अर्थ. अशा जोड्यांना शून्य वजन द्या, ऑप्टिमायझर बाकीच्या जोड्यांवरून त्यांची जागा शोधतो, किंवा स्केच १,००० वरून १०,००० करून पुन्हा काढा.

आणि सायकिट-लर्न वापरणाऱ्यांसाठी, मॅट्रिक्स देताना ती आधीच काढलेली अंतरं आहेत, प्रीकम्प्युटेड, हे सांगितलंय का तेवढं बघा. नाही सांगितलं तर तो तुमच्या मॅट्रिक्सच्या ओळींनाच गुणधर्म समजून त्यांच्यातली अंतरं पुन्हा काढतो. चित्र येतं, बरंचसं पटण्यासारखंही येतं, म्हणून ही चूक महिनोन् महिने सापडत नाही.

मग चित्रावर काय लिहायचं

प्रत्येक ठिपक्याचा वाटा काढा, म्हणजे एकूण स्ट्रेसमध्ये कुणामुळे किती भर पडली. ज्याचा वाटा जास्त त्याचा ठिपका पोकळ काढायचा अशी मी पद्धत ठेवलीय. शिवाय प्रत्येक जीवापासून त्याच्या खऱ्या सगळ्यात जवळच्या नातलगापर्यंत एक बारीक रेघ, मॅट्रिक्समधून घेतलेली, चित्रातून नाही. रेघ लांबलचक गेली की तिथे कागदाने फसवलंय हे बघणाऱ्याला लगेच दिसतं, वेगळं समजवावं लागत नाही.

टी-स्ने किंवा युमॅप (जवळचे शेजारी शेजारीच राहावेत एवढं बघणाऱ्या मांडणीच्या दुसऱ्या पद्धती) वापरू का असं विचारतात त्यांना, २०-३० जीवांसाठी नको. टी-स्नेमध्ये पर्प्लेक्सिटी (प्रत्येकाचे साधारण किती शेजारी धरायचे तो आकडा) मुळात ३० असते, जीवांची संख्या त्याहून जास्त नसेल तर ते चालतच नाही, कमी केली तर प्रत्येक आकड्याला वेगळं चित्र, आणि घोळक्यांमधली मोकळी जागा किंवा घोळक्याचा आकार यावरून अंतर वाचता येत नाही, जे आपल्याला इथे हवं असतं. हजारो नमुने असतील आणि फक्त कोण कुणाच्या शेजारी एवढंच बघायचं असेल तेव्हा ती हत्यारं चांगली.

हजारो जीव असूनही अंतरंच बघायची असतील तर पूर्ण स्मॅकॉफ जड जातो, ५,००० जीव म्हणजे १,२४,९७,५०० जोड्या. तिथे एका वेळी एकच जोडी उचला, दोघांना मिळून अंतर बरोबर होईल असं अर्धं अर्धं सरकवा, जोड्यांचा क्रम दर फेरीला पिसून घ्या आणि पाऊल हळूहळू कमी करा. सुरुवातीची मोठी पावलं खड्ड्यांवरून उड्या मारून जातात, त्यामुळे रँडम सुरुवातींमधलाही फरक बराच कमी होतो. माझ्याकडे आता मोठ्या सेटसाठी हेच चालू असतं, आणि १०० ऐवजी १० रन केले तरी तो स्ट्रेसचा स्तंभ बहुतेक सपाट येतो.